राहिलेली गणितं

ताईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी आठवडाभर वाचन-शिवण बंद केलं. तिच्या सोबतीला धाकटी बहीण आली. धाकटीही आता साठीची. ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यातून नुकतीच निवृत्त झालेली.

दोन दिवसांत ताई कंटाळली. तिसऱ्या दिवशी दुपारी म्हणाली, "नात पुस्तक विसरून गेलीय बघ कपाटावर. विजेचं आहे. त्यातलं एखादं गणित वाच."

"गणित? अगं, गोष्टीबिष्टी वाचते ना."

"गोष्टी मला पाठ आहेत. गणित वाच."

धाकटीने पुस्तक उघडलं आणि तिला एकदम ती जुनी खोली आठवली. आई गेली तेव्हा ताई सोळाची होती. शाळा सोडून ती शिवणयंत्रावर बसली, ती कायमचीच. यंत्राच्या एका बाजूला ताई, दुसऱ्या बाजूला वही घेऊन धाकटी. यंत्र थांबलं की धाकटी वाचायची, यंत्र सुरू झालं की थांबायची.

तिथेच एकदा एक गणित अडलं होतं. तारेत एक रेझिस्टर, एक कॉइल, एक कपॅसिटर, एकामागून एक. अडथळे तीस, सत्तर आणि तीस ओहम. एसीचे शंभर व्होल्ट दिले तर करंट किती? धाकटीने सरळ बेरीज केली, एकशे तीस. उत्तर काही जुळेना. ती रडकुंडीला आली.

"कॉइल काय करते?" ताईने दोरा तोडत विचारलं.

"करंटला मागे ठेवते."

"आणि कपॅसिटर?"

"पुढे काढतो."

"मग एक मागे ओढणार, एक पुढे, आणि तू बेरीज करणार? वजा कर की! चाळीस उरले."

"आणि रेझिस्टरचे तीस?"

"ते कुठल्या बाजूला ओढतात?"

"कुठल्याच नाही. ते काटकोनात धरायचे, असं सर म्हणाले."

ताई हसली. खडूने कापडावर तिने एक रेघ आडवी मारली, एक उभी. "काटकोनात तीस आणि चाळीस असले तर तिरकी पन्नास. कापडाचा कोपरा काटकोनात आहे का, ते आम्ही रोज असंच तपासतो."

शंभर भागिले पन्नास. दोन अँपिअर. उत्तर जुळलं.

हे सगळं आठवून धाकटीने पुस्तक मांडीवर पालथं ठेवलं. "ताई, एक सांगायचं राहिलंय. नोकरीच्या मुलाखतीत त्यांनी अगदी तसलंच गणित घातलं होतं. मी कापडावरची रीत सांगितली. साहेब खूश झाले. कुणी शिकवलं, म्हणाले. मी म्हटलं, माझं मीच. चाळीस वर्षं ते गिळून बसलेय."



"खोटं बोललीस खरं," ताई म्हणाली. "पण नोकरी काय त्या एका गणितावर टिकली? तिथे घाम तूच गाळलास."

"तुला राग नाही आला?"

"राग आला होता की! पण तेव्हा, तू वसतिगृहात गेलीस तेव्हा. वही उचलून घेऊन गेलीस. माझी पुढची सगळी गणितं राहिली. कुणाला सांगणार? शिवणारी बाई गणितासाठी हळहळतेय म्हटलं तर लोक हसले असते."

धाकटीने डोळे पुसले, चष्मा सारखा केला आणि पान उलटलं.

"दोन रेझिस्टर शेजारी-शेजारी जोडलेत. सहा आणि तीन ओहम."

"करंटला दोन वाटा मिळाल्या, म्हणजे अडथळा तीनपेक्षाही कमी." ताईने बोटांवर हिशेब केला. "दोन?"

"बरोबर. आता तसेच दोन कपॅसिटर. सहा आणि तीन मायक्रोफॅरड."

"दोनच."

"नाही. नऊ. कपॅसिटर शेजारी जोडले तर बेरीज करायची."

"हा कसला उलटा कारभार!" ताई उशीवरून उठून बसली. "नीट समजावून सांग. घाई करू नकोस."

धाकटी खुर्ची पुढे ओढून समजावू लागली.