ओचिएंगचा भाऊ

ज्योतीरामचे केस इतके कुरळे, की फणी आत शिरली की एखादा दात तिथेच ठेवून बाहेर यायची. रहाटणी गावात त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. तिथे तो सोपानरावांचा पोरगा, संपलं. पण छप्पन साली तो पुण्याच्या कॉलेजात गेला आणि त्याच वर्षी केनियाहून ओचिएंग नावाचा विद्यार्थी सरकारी शिष्यवृत्तीवर तिथे आला. उंच, काळाभोर, मोकळं हसणारा. दोघं एका बाकावर बसलेले पाहून मागून कुणीतरी ओरडलं, "हा तर ओचिएंगचा भाऊ!" वर्ग खो खो हसला. दुसऱ्या दिवशी ज्योतीरामनं बाक बदलला. डोक्यावर तेल थापायला सुरुवात केली. ओचिएंग समोरून आला, की त्याला नेमकं पलीकडच्या दुकानात काम निघायचं.

दिवाळीनंतर, ज्या चुलत्यांकडे तो राहत होता त्यांची बदली झाली आणि खोली शोधायची पाळी आली. सदाशिव पेठेत एका दारावर 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी दिसली. त्यानं कडी वाजवली. दार उघडणाऱ्या बाईंनी त्याला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि आत हाक मारली, "अहो, तो आफ्रिकेचा पुन्हा आलाय. सांगा त्याला, खोली गेली म्हणून."

आतून गृहस्थ आले आणि हात हलवत इंग्रजीत म्हणाले, "रूम फिनिश! फिनिश!"

"काका, मी रहाटणीचा," ज्योतीराम म्हणाला. "सोपानरावांचा मुलगा."

"अगोबाई, आपलाच की!" बाईंचा चेहरा उजळला. "ये, वर ये. चांगली हवेशीर खोली आहे. चहा घेणार ना?"

ज्योतीराम जिन्याच्या दोन पायऱ्या चढलाही. मग त्याचा पाय अडला. डोकं तेच, केस तेच, शर्टसुद्धा तोच. एका वाक्यानं तो आफ्रिकेतून रहाटणीला आला होता आणि गेलेली खोली परत आली होती. पण ज्याला असं वाक्य म्हणता येत नाही, त्यानं काय करायचं?

"काकू, तो आधी आला होता, तेव्हाही खोली रिकामीच होती?"

बाईंनी पदर सारखा केला. काका वर आढ्याकडे पाहू लागले.

"चहा नको," तो म्हणाला आणि खाली उतरला.

ओचिएंग कॉलेजच्या व्यायामशाळेमागच्या अडगळीत पथारी टाकून राहत होता. ज्योतीरामनं अडखळत्या इंग्रजीत सगळी हकीकत सांगितली. ओचिएंग इतका हसला, की त्याला भिंतीला टेकावं लागलं. "मला वाटत होतं, पुण्यातल्या खोल्याच संपल्या!" मग हसणं थांबवून त्यानं विचारलं, "पण तू मला टाळत होतास ना?"

"होय," ज्योतीराम म्हणाला. "रविवारी माझ्या घरी जेवायला चल."

रविवारी दोघं दोन सायकली घेऊन मुंबई रस्त्याला लागले. दापोडी मागं पडली, कासारवाडी मागं पडली. पिंपरीला पेनिसिलिनच्या नव्या कारखान्याची लांबलचक भिंत पाहून ओचिएंगनं शीळ घातली. पुढे पवना नदीला पूल नव्हता. सायकली खांद्यावर घेऊन, विजारी वर खोचून दोघं गुडघाभर पाण्यातून पलीकडे गेले.

सोपानरावांनी पाहुण्याला घोंगडीवर बसवलं आणि लगेच आपल्या आवडत्या विषयाला हात घातला. "सांग रं तुज्या दोस्ताला, आमी मूळचे उत्तरेकडचे. राजपुताचं रगत हाय आमच्यात."

ज्योतीराम ते इंग्रजीत कसं सांगावं याची जुळवाजुळव करत होता, तेवढ्यात त्याची आत्या गोजाबाई ताटं घेऊन आली. सोपानरावांची ही थोरली बहीण कुणाचीच भीड ठेवायची नाही. तिनं ताटं ठेवली आणि सरळ ओचिएंगच्या डोक्यावर हात फिरवला.

"आगं बया! सोपान, आपल्या आज्याचं क्यास असंच व्हतं न्हवं?"

"आक्का, जेवू दे त्याला."

"जेवंल की. आज्याची आई जंजिऱ्याकडची. तिचा बाप तितल्या नवाबाच्या पदरी हबशी शिपाई व्हता. आज्यानं सोता सांगितल्यालं मला."

"पावण्याम्होरं काय बी बोलू नगंस!"

"पावण्याम्होरंच बोलायचं. त्याच्याच मुलकाची गोष्ट हाय ही." आणि ती ज्योतीरामकडे वळली. "तुला कुटनं आल्यात ही कुरळी? राजपुताकडनं?"

ज्योतीरामनं हे सगळं ओचिएंगला सांगितलं. काहीही गाळलं नाही. सांगताना त्याच्या लक्षात आलं, की आपल्याला लाज वाटत नाहीये, उलट मजा वाटतेय. ज्या माणसाला चुकवण्यासाठी आपण रस्ते ओलांडले, त्याच्या बाजूनं कुणीतरी फार पूर्वीच समुद्र ओलांडून आपल्या घरात आलं होतं.

सोपानराव मात्र मान खाली घालून भाकरी कुस्करत राहिले. ओचिएंगनं ते पाहिलं. त्यानं ज्योतीरामकरवी हळूच विचारलं, "बाहेर बांधलेला पांढरा बैल किती वर्षांचा? माझ्या आजोबांकडेही मोठा कळप आहे."

सोपानरावांची मान वर आली. "कळप? किती दावणी? खांदं कसं असत्यात तिकडच्या बैलांचं?" जेवण अर्धं टाकून ते पाहुण्याला गोठ्यात घेऊन गेले. ज्योतीराम दुभाषा झाला, पण थोड्या वेळात त्याची गरजही उरली नाही. दोघं बैलाच्या वशिंडावर हात ठेवून आपापल्या भाषेत बोलत होते. संध्याकाळी सोपानरावांनी पाहुण्याला साऱ्या गावातून फिरवलं. कुणी विचारलं तर सांगायचे, "आमच्या सोयऱ्यातला हाय. लांबचा."

राहायला खोली पुढच्याच आठवड्यात मिळाली. पिंपरीच्या निर्वासितांच्या कॅम्पात ईश्वरीबाई नावाच्या सिंधी बाईंनी बराकीतला एक भाग दोघांना दिला. त्यांनी गाव विचारलं नाही, जात विचारली नाही. फाळणीत त्यांचं स्वतःचंच गाव मागं सुटलेलं. एवढंच बजावलं, की सकाळी पाणी भरायला नंबर लावायचा. मग रोज पहाटे नळावर सिंधी, कोकणी, मराठवाडी अशा आवाजांच्या गलक्यात दोन कुरळी डोकी बादल्या घेऊन उभी असत. आणि "मेरा नंबर!" म्हणून ओचिएंगच सगळ्यांत मोठ्यानं भांडत असे.