उत्तर देऊ नये

रक्ततपासणीच्या लॅबमधून सकाळपासून एकही रिपोर्ट बाहेर पडला नव्हता आणि काउंटरवरचा फोन काही थांबत नव्हता. लोक आधी गोड बोलत, मग आवाज चढवत. काउंटरवरच्या मुलीने दुपारपर्यंत तग धरला आणि मग डॉक्टरांच्या खोलीत जाऊन सांगितलं, "सर, कॉम्प्युटरताईंना बोलवा, नाहीतर मी घरी जाते."

कॉम्प्युटरताई म्हणजे पन्नाशीला टेकलेली, कमी बोलणारी बाई. रिपोर्ट ईमेलने पाठवणारा प्रोग्राम तिनेच फार वर्षांपूर्वी लिहून दिला होता. तो इतका गुमान चालला की लॅब तिला विसरूनच गेली. गरज सरो वैद्य मरो म्हणतात, पण इथे ते वैद्यांनीच करून दाखवलं होतं.

ताईने आल्याआल्या दुखणं ओळखलं. आजवर तिचा प्रोग्राम मेलच्या सर्व्हरकडे जायचा, रिपोर्टांचा गठ्ठा पुढे करायचा आणि सर्व्हर तो मुकाट्याने घ्यायचा. तू कोण, कुणाचा, असं कुणी विचारत नव्हतं. आता मेल कंपनीने नियम बदलला होता. आधी नाव आणि पासवर्ड सांगा, मगच आत या. कंपनीने तशा सूचना कधीपासून पाठवल्या होत्या आणि डॉक्टरांनी त्या जाहिराती समजून उडवल्या होत्या.

काम तसं डाव्या हातचा मळ. ज्या पत्त्यावरून रिपोर्ट जातात त्याच्या नावाने लॉगिन करायचं, पासवर्ड वेगळ्या, सुरक्षित फाइलमध्ये ठेवायचा, पाचसहा ओळी जोडायच्या. अडलं एवढंच की पासवर्ड कुणालाच माहीत नव्हता. तो पत्ता उघडणारा मॅनेजर केव्हाच सोडून गेला होता.

"आपल्याला गरजच काय पडली त्याची?" डॉक्टर म्हणाले. "त्या पत्त्यावर कोण काय लिहिणार? रिपोर्टच्या खाली आपण छापतोच ना, या मेलला उत्तर देऊ नये."

ती ओळ त्यांचीच. लोक उत्तरं देत बसले तर रक्त कोण तपासणार, असा त्यांचा रोखठोक सवाल होता, आणि ताईने तेव्हा मान डोलावून ती ओळ घातली होती.

मेल कंपनीला कागदपत्रं दाखवून तिने नवा पासवर्ड मिळवला. प्रोग्रामला द्यायच्या आधी तो चालतो का पाहावं म्हणून तिने स्वतःच लॉगिन केलं. पेटी रिकामी असेल असं तिने धरलं होतं. आत न वाचलेल्या पत्रांचा डोंगर होता.

छापून का माणसं थांबतात? कुणी नुसतं 'आभारी आहे' लिहिलं होतं. कुणी विचारलं होतं, साखर जास्त म्हणजे किती जास्त, घाबरायचं का? एका बाईने मुलीच्या लग्नाचं आमंत्रण पाठवलं होतं. एका आजोबांनी लॅबला यथेच्छ शिव्या घालून शेवटी 'आपला नम्र' अशी सही केली होती. ताईला हसू आलं. मग तिला ओळखीचा पत्ता दिसला आणि हसू तिथेच विरलं. तो पत्ता तिनेच उघडून दिलेला होता, तिच्या बाबांना.

बाबा पाणीपुरवठ्यात मीटर तपासायचे. जन्मभर लोकांच्या दारात उभे राहिले, पण कुणाकडे पेलाभर पाणी मागितलं नाही. मागणं हे त्यांच्या स्वभावातच नव्हतं. आई गेल्यावर ते आपल्या गावी एकटेच राहिले. तिथे या लॅबची शाखा होती, म्हणून ताईने त्यांच्या तपासण्या तिथे लावून दिल्या आणि जरा तोऱ्यातच म्हणाली, "तुमचे रिपोर्ट मीच पाठवणार, बाबा." बाबांनी ते शब्दशः घेतलं.

'बाळ, रिपोर्ट मिळाला. साखर आटोक्यात आहे.'

'बाळ, रिपोर्ट मिळाला. एवढ्या उशिरापर्यंत कामाला बसवतात का तुला? जेवून घेत जा.'

'बाळ, रिपोर्ट मिळाला. एक विचार होता. आता एकट्याने घर रेटवत नाही. तुमच्याकडे राहायला यावं म्हणतो. तुमची अडचण होणार असेल तर अजिबात संकोच करू नकोस, मला राग नाही. तुझं उत्तर आलं नाही तर मी काय ते समजेन.'

त्यानंतरचेही रिपोर्ट त्यांना जात राहिले होते. बाबांचं उत्तर मात्र पुन्हा आलं नव्हतं.

बाबा वृद्धाश्रमात राहायला गेले त्याला आता बरीच वर्षं झाली होती. "सगळी सोय आहे तिथे," त्यांनी फोनवर सांगितलं होतं. ताई म्हणाली होती, "तुमची मर्जी." फोन ठेवून नवऱ्यापाशी मात्र फणफणली होती, "आम्ही काय मेलो होतो? सख्ख्या लेकीपेक्षा आश्रम बरा वाटला?" ते शल्य तिने आजवर उराशी बाळगलं होतं. भेटायला जायची, फळं ठेवायची, इकडचं तिकडचं बोलून परत यायची. बाप तशी लेक. दोघंही न विचारण्यात पटाईत.

तिने प्रोग्राममध्ये लॉगिनच्या ओळी घातल्या, कारण लोकांचे रिपोर्ट खोळंबले होते. एक ओळ तिला पुन्हा लिहावी लागली. रिपोर्ट सुटले, फोन शांत झाला.

"जुनी पत्रं पुसून टाका," डॉक्टर म्हणाले.

"ती पुसायची नाहीत. उत्तरं द्यायला माणूस बसवा," ताई म्हणाली. तिचा आवाज ऐकून डॉक्टरांनी वाद घातला नाही.

दुसऱ्या दिवशी ती आश्रमात गेली तेव्हा बाबा खिडकीपाशी उन्हात बसले होते. शेजारची खाट एका निवृत्त बसड्रायव्हरची. त्याची नजर गेली होती आणि बाबा रोज सकाळी त्याला पेपर वाचून दाखवत. आत्ता तो बाहेर व्हरांड्यात भिंतीला हात लावत फेऱ्या मारत होता.

"बाबा, तुमचं पत्र मला काल मिळालं," ताई म्हणाली आणि सगळं सांगितलं.

त्यांनी ते समजून घ्यायला वेळ घेतला. "म्हणजे रिपोर्ट तू पाठवत नव्हतीस?"

"प्रोग्राम पाठवायचा. आपोआप."

"आणि मी त्याला जेवून घे म्हणत होतो." ते हसले, पण हसू पुरं झालं नाही. "खाली लिहिलेलं असायचं, उत्तर देऊ नये. मला वाटलं, ऑफिसात चारजण बघतात म्हणून घालतेस. तुझं उत्तर आलं नाही, मग फोनवरही विषय काढला नाही."

"एकदा विचारायचं तरी होतं तुम्ही."

"तू तरी कुठे विचारलंस?"

"मला फार राग आला होता तुमचा, बाबा. अजून होता, कालपर्यंत." बोलता बोलता तिला रडू फुटलं आणि तिने ते आवरलं नाही.

"मला नाही आला," बाबा म्हणाले. मग स्वतःलाच खोडत म्हणाले, "खोटं कशाला बोलू? आला होता. इथल्या लोकांना सांगायचो, मुलीचं घर लहान आहे."

"चला घरी. आजच चला. खोली तयार आहे."

बाबांनी खोलीवरून नजर फिरवली. दोन खाटा, मधल्या स्टुलावर घडी केलेला पेपर, त्यावर त्यांचा चष्मा. "आता नको गं," ते म्हणाले. "त्याला पेपर कोण वाचून दाखवणार? आणि खरं सांगू, मी रुळलोय इथे. तेव्हा म्हणाली असतीस तर धावत आलो असतो."

"तेव्हा मला माहीत असतं तर मी धावत आले असते."

बाबा तिच्या खांद्याचा आधार घेऊन उठले, दारापाशी गेले आणि आयुष्यात कधी चढवला नव्हता इतका आवाज चढवून, अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "अहो ड्रायव्हरसाहेब, माझी मुलगी आली आहे. मला घरी न्यायला आली आहे. ती सारखी चला म्हणतेय, मीच नाही म्हणतोय."