धनीबाईचा उकिरडा

धनीबाईने ट्रॅक्टरवाल्या जगदेवच्या हातातले भरले टोपले हिसकावून पुन्हा उकिरड्यावर उलटे केले आणि स्वतःच ढिगावर चढून बसली.

"घे आता! खतासंगं मलेबी भरून ने."

जगदेवने ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून घाम पुसला. "काकू, रिसोडचा नर्सरीवाला खताचे पैसे देते, म्हातारीचे नाही देत."

"तुह्या तोंडात माती पडो."

ओट्यावर उभा असलेला तिचा मुलगा वीरेंद्र चडफडला. शेजारच्या बाया कुडाआडून डोकावत होत्या.

"माय, उतर खाली. लोकं तमाशा पाहून राह्यले."

"पाहू दे. बैल इकले, मी गप बसली. आता शेनखतबी इकतं? नाल्याकाठचं वावर काय तुह्या युरियावर जगंन?"

त्या वावरातले ढेकूळ आता पायाखाली फुटत नसे. गेल्या साली पावसाने जरा डोळे वटारले तर सोयाबीनने माना टाकल्या. तेव्हापासून धनीबाईने म्हशींचे शेण गोवऱ्यांना जाऊ दिले नव्हते. सुनेने चुलीसाठी पाटीभर मागितले, तरी ही अंगावर धावून जायची.

वीरेंद्र ढिगाजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "वावरच नाही आपल्या हाती, तं खत कायले? तीन सालासाठी मक्त्यानं देलं."

"कोनाले?"

वीरेंद्र पायाने खत उकरू लागला.

"कोनाले देलं, मुडद्या?"

"हरिसिंग काकाले."

हरिसिंग तिचा धाकटा दीर. धनीबाईचा नवरा गेला त्याच साली त्याने दोन्ही वावरांमधला धुऱ्याचा बांध कोरून तिच्या वावरात सरकवला होता. पुढे दोघांत बोलणे उरले नाही, एकमेकांना ऐकू जातील अशा शिव्या तेवढ्या उरल्या.

धनीबाईने ढिगात हात खुपसला. मूठभर खत काढून चुरले. काळेभोर, मोकळे, चहापत्तीसारखे. शेणाचा वास केव्हाच गेला होता. ती खाली उतरली.

"भर," ती जगदेवला म्हणाली.

वीरेंद्र सुटल्यासारखा हसला. "हां, नर्सरीवाला वाट पाहून राह्यला."

"रिसोडले नाही. वावरात."

"पागल झाली काय, माय? खत आपलं, अन् पीक त्याच्या घरात?"

"जाऊ दे. किडे पडतीन त्याच्या पोटात." ती भरल्या ट्रॉलीवर चढली. "तीन सालात तो वावराचं चिपाड करून देईन. मंग तुह्या पोरीनं काय गोटे पेरावं?"

हरिसिंग वावराच्या तोंडाशीच होता. ट्रॉली आत वळताना पाहून तो हात नाचवत आडवा आला.

"ए! कोनाले इचारून घुसले? मक्ता मी..."

मग त्याला ट्रॉलीतले खत दिसले आणि त्याचा हात खाली आला.

धनीबाईने त्याच्याकडे पाठ केली.

"जगदेव, चारी कोपऱ्याले सारखं पसरव," ती म्हणाली. "अन् हा मधातून नाही हटला, तं याच्यावरच टाक."