ऑपरेटरबाई फोन कापत नाहीत

ऑपरेटरबाईंनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बत्तीस वर्षं काढली, पण एकदाही कुणाचा फोन कापला नाही. बोलणाऱ्याने आधी ठेवायचा, मग आपण, हा तिथला नियम. तो अंगात इतका मुरला होता, की मागच्या महिन्यात लॉटरीवाल्या भामट्यालाही त्या आपल्या बँकेच्या कार्डाचे सोळापैकी बारा आकडे सांगून बसल्या. तेवढ्यात मुलगा घरी आला म्हणून निभावलं.

"आई, अजून एक गडबड झाली ना, की तुला बटणांचा साधा फोन," त्याने बजावलं.

साध्या फोनवर लेकीची चिमुरडी दिसणार नव्हती. तिला आत्ताच कुठे दोन दात आले होते आणि ते ती रोज सकाळी आजीला दाखवायची. बाईंनी मुकाट्याने वाचनालयातल्या, फोनवरचे भामटे ओळखायला शिकवणाऱ्या वर्गात नाव घातलं.

तिथे ग्रंथपाल स्वतः भामटा व्हायचा आणि एकेकाला फोन लावायचा. सगळे पटापट कापायचे. निवृत्त कंडक्टरने तर घंटी वाजायच्या आधीच कापला. बाई मात्र "हं, बोला," करत राहिल्या. शेवटी ग्रंथपालाच्याच थापा संपल्या.

"ठेवतो, बाई," त्याने कपाळाला हात लावला. "निदान एवढं तरी करा. ज्याच्याबद्दल सांगतील, त्यालाच फोन करून विचारा."

गुरुवारी भर दुपारी फोन आला. आवाज दमदार होता. "पोलीस ठाण्यातून बोलतोय. तुमचा मुलगा आमच्या कोठडीत आहे. सोडवायचा तर लगेच पैसे पाठवा. आणि फोन ठेवायचा नाही!"

हे त्याने बाईंना सांगायची काही गरज नव्हती. त्यांच्या तोंडातून जुना, मंजुळ आवाज आपोआप निघाला. "लाइनवर थांबा हं. जोडून देते."

लेक आणि बहीण यांना एकाच फोनवर एकत्र घ्यायला त्या जी दोन बटणं दाबायच्या, तीच त्यांनी दाबली, फक्त नंबर मुलाचा लावला.

"हं आई, पटकन बोल, मीटिंग चाललीय," मुलगा म्हणाला.

"हे साहेब म्हणतात, तू त्यांच्या कोठडीत आहेस. बोला, साहेब."

साहेब नुसतेच खाकरले.

"कोण आहे रे तिकडे?" मुलगा इतक्या जोरात ओरडला, की मीटिंगमधले सगळे दचकले असणार. लाइनवर एकजण कमी झाला.

"आई, तू कापला का नाहीस?"

"मी कधी कापते? त्यानेच ठेवला," बाई म्हणाल्या. आता त्यांना रडू आलं. "तू खरंच ऑफिसात आहेस ना रे?"

"आहे गं," तो म्हणाला. "फोन राहू दे तुझ्याकडेच. जोडत जा असाच."

एरवी दोन वाक्यांत फोन ठेवणारा तो आज काही ठेवेना.

"ठेव ना, आई."

"तू ठेव आधी," बाई म्हणाल्या. मीटिंग खोळंबली होती, तरी त्याने ठेवला नाही.