जर्मन मोटारीची पूजा

थेरगावच्या सोपानरावांची जर्मन मोटारीवर निस्सीम श्रद्धा होती. खडकीच्या साहेबाची तशी गाडी युद्धाच्या सबंध काळात एकदाही रस्त्यात अडली नव्हती, हे त्यांनी स्वतः पाहिले होते. म्हणून मेहुणा ज्योतीराम तशीच जुनी गाडी देतो म्हणताच त्यांनी बदल्यात विहिरीकाठचे शेत लिहून दिले. गाडी उघडून पाहिली नाही. बहिणीच्या नवऱ्याची वस्तू पारखून घेणे हा त्याचा अपमान ठरला असता.

दसऱ्यास ज्योतीराम आणि बहीण अंबुबाई पूजेला आली होती. इंजिनालाही हळदकुंकू वाहावे म्हणून भैरू मिस्त्रीने पुढचे झाकण उचलले आणि तो थबकला.

"सोपानराव, झाकणावरची ही कंपनीची चांदणी तेवढी जर्मन हाय. इंजिन कुठल्या तरी मोडक्या ट्रकचं बसिवलंय."

"चालतीय न्हवं?" ज्योतीराम हसत म्हणाला. "गाव काय आत डोकावतंय व्हय?"

सोपानरावांनी बहिणीकडे पाहिले. हे ऐकून ती चकित होईल, नवऱ्यास दोन शब्द सुनावील, अशी त्यांना आशा होती. अंबुबाई मात्र खाली मान घालून निरांजनाची वात सारखी करीत राहिली. तिला हे आधीपासून ठाऊक होते, हे उमगताच शेताचे दुःख त्यांच्या मनात पार मागे पडले.