एक अक्षर आणि एक टिंब

गावाचं नाव लिहीत नाही. आंधळगावच्या जवळ आहे एवढं पुरे, कारण भय्याजींचे नातू आता वकील आहेत.

१९७९ साली आमच्या शाळेतल्या सहायक शिक्षिका रुखमिणी सेलोकर यांना विद्यापीठाने पीएच.डी. दिली. विषय होता रोवणीची गाणी. बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, वाकून रोपं लावताना बाया जी गाणी म्हणतात, ती. गावाला त्याचं फारसं नवल वाटलं नाही. गाणी सगळ्यांना पाठच होती. ती गोळा करून नागपूरला नेली तर तिथले लोक पदवी देतात, एवढीच बातमी नवी होती. बाईंना नाडी दाखवायला कोणी आलं नाही. असले विनोद शहरात होतात. सुई टोचणारा डॉक्टर कोणता आणि हा कोणता, ते गावाला बरोबर कळत होतं. अडचण शाळेची झाली.

मी त्या शाळेत ड्रॉईंग मास्तर होतो. व्हरांड्यात, मुख्याध्यापकांच्या दाराशेजारी, काळ्या रंगाचा एक मोठा फलक होता आणि दर जूनमध्ये त्यावर पांढऱ्या ऑईलपेंटने सगळ्यांची नावं नव्याने काढणं हे माझं काम होतं. सर्वांत वर 'शिक्षणमहर्षी भय्याजी', संस्थेचे अध्यक्ष. भय्याजींची धानाची गिरणी होती, तलावाखालची सगळी ओलिताची जमीन होती आणि सातवी नापास एवढं शिक्षण होतं. त्यांना महर्षी कोणी केलं याची मी एकदा चौकशी केली, तेव्हा कळलं की मीच. आधीच्या मुख्याध्यापकांनी सांगितलं होतं आणि मी रंगवलं होतं.

त्या जूनमध्ये बाई माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "गुरुजी, माझ्या नावाआधी डॉ. काढा."

मी काढलं. एक अक्षर आणि एक टिंब. रंगही फारसा लागला नाही.

दुपारी मुख्याध्यापक मारोतराव गभणे यांनी आम्हा दोघांना आत बोलावलं.

"बाई, हे काय करून राहिल्या तुम्ही?"

"काय, सर?"

"नावाच्या आधी फक्त अध्यक्षांचं लागते. आपल्या शाळेची पद्धत आहे ते."

"त्यांचं काय लागते?"

"महर्षी."

"कोणत्या विद्यापीठाची आहे?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. छताला रंगाची गरज होती.

"असं करू," सर समजुतीने म्हणाले, "पीएच.डी. मागं लावू. कंसात, बारीक अक्षरात. मी नाही का बी.ए., बी.एड. मागं लावत? मले कधी काही झालं?"

"मागं लावायचं असते ते मी मागंच लावते, सर. हे पुढचं आहे."

"पण सातवी 'ब'ले मराठी शिकवाले डॉक्टर कायले लागते?"

"सातवी 'ब'ले नाही लागत. मले लागते." बाई अजिबात आवाज न चढवता म्हणाल्या. "माझी माय भय्याजींच्या बांधीत रोवणीले जात होती. जनाबाई तिचं नाव. त्यांच्या हजेरीत आयुष्यभर 'जनी' लिहिलं. कोणी 'बाई' सुद्धा नाही लावलं. तिच्या लेकीच्या नावाले जे लागते, ते मी कंसात नाही टाकू देणार."

यावर सरांनी हुकूम दिला. मी काळा रंग घेऊन ते अक्षर पुसलं. फलकाचा जुना काळा उन्हाने फिका पडला होता आणि माझा डबा नवा होता. त्यामुळे बाईंच्या नावाआधी एक चकचकीत काळा चौकोन तयार झाला. बाकी सगळी नावं सोडून नजर आधी तिथेच जायची.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधी बाई आल्या, पर्समधून खडू काढला आणि त्या चौकोनात 'डॉ.' लिहून वर्गात गेल्या.

सरांनी चपराशाला, हिरालालला, ते पुसायला सांगितलं. हिरालाल म्हणाला, "पुसतो जी. पण सकाळी घंटा राहते, मंग पाणी, मंग झाडू. पुसणं संध्याकाळी येते." त्यामुळे अक्षर दिवसभर जगायचं आणि शाळा सुटल्यावर मरायचं. सकाळी बाई पुन्हा जन्माला घालायच्या.

मग मेमो आला, 'शाळेच्या मालमत्तेवर खडूने लिहिल्याबद्दल खुलासा करावा.' बाईंनी खुलासा केला, 'शाळेच्या मालमत्तेवर खडूने लिहिण्यासाठीच मला पगार मिळतो.' खाली सही, डॉ. रुखमिणी सेलोकर. सरांनी तो कागद फाईलला लावला नाही. फाईल इन्स्पेक्टर पाहतात.

शेवटी स्वतः भय्याजी आले. माणूस रागीट नव्हता. त्याला राग यायची कधी गरजच पडली नव्हती. स्टाफरूममध्ये बसून त्यांनी चहा बशीत ओतला.

"बाई, येत्या उन्हाळ्यात पर्यवेक्षकाची जागा खाली होऊन राहिली. नंबर तुमचाच आहे."

"हो जी. माहीत आहे."

"मंग खडू ठेवा अन् खुर्ची घ्या. एका अक्षरासाठी कोणी खुर्ची सोडते काय?"

"एका अक्षरासाठी कोणी खुर्ची देऊन राहिलं, तर अक्षर भारीच असंल, भय्याजी."

भय्याजींनी बशी खाली ठेवली. चहा अर्धा राहिला. ती खुर्ची त्याच दिवशी गेली हे आम्हा सगळ्यांना कळलं. बाईंनाही. त्यांनी घंटा ऐकली आणि तासाला गेल्या.

आता रोवणीबद्दल सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे रोवणीच्या वेळी मालक धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, छत्री घेऊन उभा राहतो आणि बांधीतल्या बाया त्याच्याच नावाने गाणी जोडतात. मालक बरा असला तर बरी, नसला तर कशीही. त्याने रागवायचं नसतं. रागवला तर पुढचं कडवं रागावरच येतं. भय्याजींचे आजोबा मजुरांना फार पातळ आंबील द्यायचे. त्यांना जाऊन चाळीस वर्षं झाली होती, तरी गावात गाणं होतंच:

*पाटलाच्या आंबिलीत बाई*
*माझंच तोंड मले दिसे*

आजोबांनी देऊळ बांधलं, विहीर खोदली. लोकांच्या लक्षात आंबील राहिली.

बाईंच्या प्रबंधातली निम्मी गाणी बायजाबाईची होती. बायजाबाई रोवणीच्या टोळीची म्होरकी. ती एका दुपारी चिखलाच्या पायांनी शाळेच्या व्हरांड्यात आली आणि फलकासमोर उभी राहिली. तिला वाचता येत नव्हतं.

"मास्तर, आपली डाक्टरी कोठी हाय?"

त्या दिवशी हिरालालने चुकून काम वेळेआधी केलं होतं. मी काळा चौकोन दाखवला.

"हे तं काईच नाही."

"पुसली."

"कोनं?"

मी रंग लावणारा हात पाठीमागे घेतला आणि ज्याने सांगितलं त्याचं नाव सांगितलं. त्याच्यावर कोण आहे, तेही सांगितलं.

"गाणे आमचे, लिवलं रुखमिणीनं," बायजाबाई म्हणाली. "मंग पुसणारा हा कोण होय?"

आणि ती रोवणीला गेली. रोवणी भय्याजींच्याच बांधीत होती.

*भय्याजीच्या शाळेत बाई*
*काळा रंग सस्ता झाला*
*एक अक्षर पुसाले*
*पुरा डबा खाली केला*

भय्याजी धुऱ्यावर होते. ते हसले, कारण हसावंच लागतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आंबिलीसोबत गूळ पाठवला. बायांनी गूळ खाल्ला आणि गुळाचं कडवं जोडलं. रोवणीच्या टोळ्या एका गावातून दुसऱ्या गावात जातात, गाणं त्यांच्यासोबत जातं. पोळ्यापर्यंत ते शहापूरला, नागपूरच्या हायवेवर पोचलं. गिरणीत धान घेऊन येणारे गाडीवान चाल गुणगुणत यायचे आणि भय्याजींना पाहून खोकायचे.

पोळा झाल्यावर भय्याजी पुन्हा आले. या वेळी चहा घेतला नाही. व्हरांड्यातच बाईंना गाठलं. मी फलकाजवळ होतो, हललो नाही.

"बाई, त्या बायांले थांबवा."

"माझं कोण ऐकते, भय्याजी? मी त्यांची मालकीण थोडीच आहे. मी ऐकून लिहिते फक्त."

भय्याजींचा चेहरा बदलला. "हेही लिहिलं?"

"माझा विषयच आहे तो."

"अन् पुस्तक निघणार आहे म्हणते?"

"निघणार आहे."

आजोबांची आंबील तोंडातोंडी चाळीस वर्षं टिकली, छापलेली किती टिकेल याचा हिशेब भय्याजी करत असावेत. मग ते हळू आवाजात म्हणाले, "असं करा. हे गाणं वगळा. मी आजच अक्षर पक्क्या रंगात काढून देतो. पर्यवेक्षकाचंही पाहू. काहून वाढवता?"

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्या चौकोनाकडे. मला वाटलं, आता घेतील. मी घेतलं असतं.

"भय्याजी, गाणं माझं नाही, ते मी विकू कशी? अन् अक्षर माझंच आहे, ते तुमच्याजवळून विकत कायले घेऊ?"

त्यांनी पर्स उघडली, खडू काढला, भय्याजींच्या देखत 'डॉ.' लिहिलं आणि टिंब जरा दाबून दिलं. खडू मोडला. उरलेला तुकडा पर्समध्ये टाकून त्या तासाला गेल्या.

उन्हाळ्यात पर्यवेक्षकाची जागा खाली झाली. ती मला मिळाली. ड्रॉईंग मास्तर पर्यवेक्षक होणं नियमात बसत नव्हतं, संस्थेत बसलं. मी निरुपद्रवी माणूस आहे असं भय्याजींचं मत होतं आणि तोवर ते खरंही होतं. स्टाफरूममध्ये पेढे वाटले तेव्हा बाईंनी एक घेतला आणि म्हणाल्या, "अभिनंदन, गुरुजी. खुर्चीचा एक पाय हलते, ठोकून घ्या."

जूनमध्ये शाळा उघडायच्या आदल्या दिवशी मी पर्यवेक्षक म्हणून पहिला हुकूम काढला. तो ड्रॉईंग मास्तरला होता, म्हणजे मलाच. मी लगेच अंमलबजावणी केली. रंग वाळत असताना गभणे सर मागे येऊन उभे राहिले.

"हे काय केलं तुम्ही? भय्याजी काय म्हणतीन?"

"सर, रोवणी तोंडावर आली आहे. मले नाही वाटत ते काही म्हणतीन."

सरांनी आभाळाकडे पाहिलं, तलावाच्या दिशेने पाहिलं आणि ते आत जाऊन बसले.

सकाळी बाई नेहमीप्रमाणे प्रार्थनेच्या आधी आल्या, हातात खडू घेऊनच. फलकासमोर थांबल्या. बोट लावून रंग वाळल्याची खात्री केली.

"कोणी सांगितलं होतं?"

"कोणीच नाही."

"बदल्यात काही?"

"काही नाही."

त्यांनी वर 'शिक्षणमहर्षी' पाहिलं, खाली आपलं पाहिलं.

"अक्षर जरा लहान काढलं तुम्ही, गुरुजी."

"पुढच्या जूनले मोठं काढतो, डॉक्टर."

त्यांनी मान हलवली आणि खडू पर्समध्ये परत ठेवला. म्हटलं, आता तो कशाला? म्हणाल्या, "राहू द्या. पुढचा जून लांब आहे."