सहावा दोर

साता समुद्रापार जाऊन आमच्या हर्षाला काय सुचावं, तर देवळाची घंटा. तीही दुसऱ्यांच्या देवळाची.

मोहाडीत आमचं कोशाच्या रेशमी साड्यांचं दुकान आहे. दुकानामागे दोन माग अजून चालतात आणि त्यांच्यापेक्षा जास्त आवाज माझे यजमान बाबूलालजी करतात. मुलगी नर्सिंग शिकून इंग्लंडला गेली, आता ती पगार घेईल आणि फोटो पाठवेल, एवढीच त्यांची अपेक्षा होती. दोन वर्षं तिने तसंच केलं. मग एके दिवशी घरच्या ग्रुपवर तिचा व्हिडिओ आला. दगडी मनोऱ्यातली खोली, छतातून खाली लोंबणारे सहा दोर, गोल करून उभी असलेली सहा माणसं. त्यातली एक आमची हर्षा, स्वेटरच्या बाह्या वर सारून दोर ओढत होती.

माझे दीर हेमराज समाजाच्या मंडळाचे सचिव. त्यांनी तो व्हिडिओ मोठ्या जबाबदारीने चार ठिकाणी पुढे पाठवला आणि खाली लिहिलं, 'विचार करण्यासारखी बाब.' विचार कोणी केला नाही, बाकी सगळं केलं. संध्याकाळपर्यंत भंडाऱ्यात हर्षाचा धर्म बदलला होता, तुमसरात तिने गोऱ्याशी लग्न केलं होतं आणि बातमी साकोलीला पोचेपर्यंत तिला एक मूलही झालं होतं. आमच्याकडे बाळंतपणं इतकी झटपट होतात हे मला माहीत नव्हतं.

रात्री मी तिला फोन लावला. म्हटलं, "काय करून राहिली तू बाई?"

"आई, घंटा वाजवून राहिली. अजून काय?"

मग तिने नीट सांगितलं. ती ज्या वृद्धाश्रमात नर्स आहे, तिथे डोरीन नावाची म्हातारी आहे. गाव आपल्या इकडच्या कोंढा गावाएवढंही नाही. त्या गावच्या चर्चात सहा घंटा आहेत आणि डोरीन जन्मभर त्या वाजवणाऱ्यांची कॅप्टन होती. ती अंथरुणाला खिळली तशी वाजवणारी माणसं पाचच उरली. पाच माणसांत सहा घंटा वाजत नाहीत, कारण तिकडे एका माणसाकडे एकच घंटा. डोरीन रोज इंजेक्शन घेताना कुरकुरायची की माझा सहावा दोर रिकामा लोंबतो. शेवटी तिने हर्षाचे दंड दाबून पाहिले आणि तिला पाठवून दिलं.

त्यांची घंटा आपल्यासारखी हात वर करून टण केली की झालं, अशी नसते. ती मोठ्या चाकाला बांधलेली असते. दोर ओढला की पूर्ण गोल फिरते, तोंड आभाळाकडे करून क्षणभर थांबते आणि पुन्हा उलटी फिरते. गाणंबिणं काही वाजवायचं नाही. फक्त क्रम बदलत राहायचा: आता तू माझ्या आधी, पुढच्या फेरीत मी तुझ्या आधी. एकाचं चुकलं की सगळ्यांचं मोडतं. दर मंगळवारी संध्याकाळी सराव. नवीन माणूस शिकत असला की गावाला त्रास नको म्हणून आधी घंटेची जीभ बांधून ठेवतात. ही पद्धत आमच्या मंडळात आणता आली असती तर समाजाचं फार कल्याण झालं असतं.

"पैसे किती देतेत?" बाबूलालजींनी बाजूने विचारलं.

"काही नाही देत बाबा."

"प्रसाद?"

"चहा. बिस्किट असते कधी कधी."

"अना घंटी वाजवून झाल्यावर प्रार्थनेले बसा लागते?"

"कोनी बसते, कोनी घरी जाते. आमचा आताचा कॅप्टन तं देव मानतच नाही."

धर्म बदलला असता तर निदान बाबूलालजींना कळलं तरी असतं. "म्हन्जे देवाले उठवतेत अना सोता निंगून जातेत," ते म्हणाले, आणि झोपायला गेले.

आता यात अडचण अशी की हर्षाचं लग्न ठरत आलं होतं. मुलगा मनीष, सानगडीचा, पुण्याला कंपनीत नोकरी. वडील जागेश्वरजी, पंधरा एकर धान, स्वभाव गरीब. आई सुलोचनाबाई, स्वभाव तसा नाही. लग्न झालं की मनीष नोकरी सोडून बायकोच्या व्हिसावर इंग्लंडला जाणार, असं त्या मंडळींनी आधीच ठरवून टाकलं होतं. म्हणजे त्यांना इंग्लंड चालत होतं, तिथला पगार चालत होता, तिथली थंडीसुद्धा चालत होती. फक्त तिथल्या घंटेने त्यांचं घराणं बाटत होतं.

आणि खोटं कशाला बोलू, मला मनीष हवा होता. हर्षा तिशीला टेकली होती. समाजात तिच्या शिक्षणाचा मुलगा शोधायचा म्हणजे उन्हाळ्यात बोडीत, म्हणजे शेतातल्या तळ्यात, पाणी शोधण्यासारखं. मनीष समजूतदार होता, व्यसन नव्हतं, फोनवर हर्षाशी बरा बोलायचा. मी देवासमोर रोज त्याच्याच नावाने हात जोडत होते.

सुलोचनाबाईंनी निरोप पाठवला: रविवारी येतो, मुलीच्या तोंडून ऐकतो की ती घंटा सोडते, आणि लगेच साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख काढतो. त्यांच्या महाराजांनी वेळही काढून दिली होती. रविवारी दुपारी, साडेतीन ते चार. चारनंतर म्हणे होकाराला बळ राहत नाही.

नेमक्या त्याच वेळी, चार वाजून जाईपर्यंत, हर्षाचं वाजवणं होतं. डोरीन नव्वद वर्षांची होत होती. तिच्यासाठी ही सहा माणसं सलग पाऊण तास घंटा वाजवणार होती, मधे न थांबता. डोरीनचं अंग आता साफ गळालं होतं, डॉक्टरांनी पुढचं काही बोलणं सोडलं होतं. भर थंडीत तिने खिडकी उघडी ठेवायला लावली होती, घंटा ऐकायच्या म्हणून.

"आई, मधात हात सोडता येत नाही," हर्षा म्हणाली. "ध्यान हललं तरी मोडते. मोडलं का कॅप्टन थांबा म्हनते, मंग ते गेलंच. पुन्हा कराले ती राहते का नाही, कोनाले माहीत. त्याइले सांग ना, पाऊण तासानं बोलतो म्हनून."

मी सांगितलं. सुलोचनाबाई म्हणाल्या, "मंग आमाले दाखवा तं खरं, चर्चात पोरगी काय करते ते." हर्षा बिचारी त्यालाही तयार झाली. मोबाईल मनोऱ्याच्या खिडकीत ठेवते म्हणाली, फक्त तुमच्याकडचा आवाज बंद ठेवा.

रविवारी मंडळी आली. हेमराजभाऊजी समाजाच्या वतीने आले, म्हणजे जेवून आले होते तरी आले. मी सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, केली होती. मोबाईल टीव्हीला जोडला, आमचा आवाज तिकडे जाऊ नये म्हणून बंद केला आणि मोबाईल मीच हातात धरून बसले. पडद्यावर हर्षा दिसली. तिने आमच्याकडे पाहून सगळ्यांना नमस्कार केला आणि जाऊन दोराशी उभी राहिली. कॅप्टन काहीतरी बोलला, पहिला दोर खाली आला, आणि सुरू झालं.

पहिली पाच मिनिटं आमची मंडळी धर्मांतर शोधत होती. क्रॉस कुठे आहे, पाद्री कुठे आहे, पाणी शिंपडतात का. खोलीत एक जुना गालिचा, भिंतीवर नावांच्या पाट्या आणि कोपऱ्यात चहाची किटली, एवढंच होतं. हेमराजभाऊजींची फार निराशा झाली.

"हे सहाच्या सहा वाजवूनच राहिले," ते म्हणाले. "यांचा अध्यक्ष कोनता?"

"अध्यक्ष नाही जी," मी म्हटलं. "सगळे वाजवतेत."

हे त्यांना पटलं नाही. आमच्याकडे सहा घंटा असत्या तर आधी अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, खजिनदार आणि मार्गदर्शक नेमले असते आणि वाजवायला कोतवालाला बोलावलं असतं.

जागेश्वरजींना मात्र गोडी लागली. "मानसाईचा मेळ चांगला आहे," ते म्हणाले. "धानाच्या रोवन्यावरच्या बायाइसारखा. कोनी मागं नाही, कोनी समोर नाही." सुलोचनाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांची गोडी तिथेच संपली.

वड्या संपत आल्या. सुलोचनाबाईंनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. "पावने चार झाले. पोरीले बोलवा आता. एक शब्द तं बोलाचा आहे."

"तिचं होऊ द्या ना ईहीनबाई. थोडंसंच राहिलं."

"आमचा मुहूर्त थोडासाच राहिला. लगनाच्या आंधी घंटी मोठी होऊन राहिली, तं लगनानंतर आमी कोठी राहू?"

मनीष म्हणाला, "आई, पाऊण तासच तं होय. थांबू ना." आईने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याने शेवटची वडी उचलून तोंडात टाकली. मी वर म्हटलंच, मुलगा समजूतदार होता. इतका, की सगळी समजूत दुसऱ्यांचीच होती.

बाबूलालजींचा चेहरा पडला होता. पाहुण्यांसमोर मुलगी आपल्या शब्दात नाही, हे त्यांना भर दुकानात कोणी उधारी मागायला आल्यासारखं लागलं. ते माझ्याजवळ येऊन म्हणाले, "आवाज चालू कर. म्या हाक मारतो."

मी पडद्याकडे पाहिलं. दोन वर्षं हर्षाचा फोनवरचा चेहरा मी पाहत होते. 'बरी आहे आई, जेवली आई' म्हणणारा, खोलीत एकटा असलेला चेहरा. आज ती दमली होती, घामाने केस कपाळाला चिकटले होते, आणि ती समोरच्या पाच जणांकडे असं पाहत होती की जणू सगळे एका ताटात जेवलेत. तेही तिच्याकडे तसंच पाहत होते. परक्या गावात कोणाला तरी माझ्या मुलीवाचून अडत होतं. मला रडू आलं, आणि रागही आला, की हे सोडायला सांगायला आपण सगळे इथे वड्या खात बसलो आहोत.

मी मोबाईलवर बोट ठेवलं आणि म्हटलं, "मारा हाक."

"हर्षा!" बाबूलालजी ओरडले.

तिने इकडे पाहिलं नाही. दोर वर गेला, खाली आला.

त्यांनी पुन्हा हाक मारली, आणि पुन्हा. गल्लीतली दोन डोकी दारात डोकावली. पडद्यावर हर्षाची पापणीसुद्धा हलली नाही.

सुलोचनाबाई उठल्या. पदर नीट केला. "पाहिलं," त्या म्हणाल्या. "बापाच्या हाकेले वर पाहत नाही अशी पोरगी आमच्या घरात कायची वागते? चला जी."

बाबूलालजींनी मान खाली घातली. हेमराजभाऊजींच्या डोळ्यांत पुढचा मजकूर तयार होत होता: बापाला न जुमानणारी मुलगी. चारच्या आत तो साकोलीला पोचला असता.

आणि हे मला सहन होईना. लग्न मोडलं तर मोडो. पण जे तिने केलं नाही ते तिच्या माथी नको.

"तिले ऐकूच नाही गेलं," मी म्हटलं. "आवाज बंदच आहे. म्या चालू केलाच नाही."

सगळे माझ्याकडे वळले. मी मोबाईल उलटा करून त्यांना दाखवला.

"काहून?" बाबूलालजींनी विचारलं. आवाज अगदी लहान झाला होता.

"मोडलं असतं म्हनून."

"अना हे मोडलं ते?" सुलोचनाबाईंनी विचारलं. रागाने नाही विचारलं, खरंच विचारलं. पाहुणे निघाले. जागेश्वरजींनी दारात हात जोडले. मनीषने चपला घालताना एकदा टीव्हीकडे वळून पाहिलं आणि आईच्या मागे गेला. हेमराजभाऊजीही गेले, त्यांना कामं होती.

आम्ही दोघंच राहिलो. बाबूलालजी आता मला बोलतील म्हणून मी वाट पाहत होते. तीस-बत्तीस वर्षांच्या संसारात बोलायची संधी त्यांनी कधी वाया घालवलेली नाही. पण ते टीव्हीसमोर स्टुलावर बसले आणि बघत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "तो जाड्या दमला वाटते. चुकन का?" मी म्हटलं, मला काय माहीत. ते पुढे सरकले. जाड्या चुकला नाही.

मग कॅप्टन काहीतरी बोलला आणि सहाही दोर थांबले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे एकमेकांकडे पाहून हसले, एवढंच. हर्षा धावत खिडकीशी आली. मी आवाज चालू केला.

"आई, झालं. एकबी नाही चुकलं," ती धापा टाकत म्हणाली. मग तिची नजर आमच्यामागच्या रिकाम्या खुर्च्यांवर गेली. "गेले का थे?"

"गेले."

"माह्यामुळं?"

"नाही," मी म्हटलं. "माह्यामुळं."

तिला कळलं. तिने तळहाताने तोंड पुसलं, दोराने हात लाल झाले होते. मग हळूच विचारलं, "बाबा काही म्हनत होते का? हाक मारली का मले?"

बाबूलालजींनी माझ्या हातातून मोबाईल घेतला.

"नाही," ते म्हणाले. "तू वाजवून राहिली होती ना. कायले मारू हाक? जा, त्या बुढीले भेटून ये."

इतकं साफ खोटं हा माणूस दुकानात गिऱ्हाइकाशीही कधी बोललेला नाही. मी रिकाम्या बशा गोळा करायला लागले.